पुटीखालची भोकं

प्रिय बाबा,

पाकीट बघून आईला वाटेल की मी परस्पर काहीतरी ठरवून बसले आहे आणि फोनवर सांगायचा धीर होत नाही. तसं नाही. मी फोन केला की हल्ली आईच उचलते आणि म्हणते, त्यांचे हात रंगाचे आहेत. हात सकाळी रंगाचे, दुपारी रंगाचे, रविवारीही रंगाचे. म्हणून हे पत्र. कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर आज दुपारी तुमच्याच वाटेनं जातो, त्याच्याकडे देते आहे. तुमच्याच हातात द्यायचं, असं त्याला बजावलं आहे. गॅरेजमध्ये एकटे असताना वाचा, आणि अर्ध्यावर ठेवू नका.

माझं ठीक आहे. खोली बदलली. नवी खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. खालून दिवसभर मशीनचा आवाज येतो, पण तो एकसारखा असल्यामुळे त्रास होत नाही. खिडकीला उजेड चांगला आहे. जेवण वेळेवर होतं, आईला सांगा. गेले काही दिवस मात्र घास तोंडाजवळ नेला की पोचे भरायच्या पुटीचा वास येतो, तो गोडसर, डोक्यात जाणारा. लहानपणी तुम्ही शाळेत न्यायला यायचात तेव्हा तो तुमच्या शर्टाला असायचा आणि मला आवडायचा. आता तो आला की मी घास ताटात परत ठेवते. हात साबणानं कितीही धुतले तरी तो जात नाही. तो माझ्या हातांना नाहीच, हे मला समजतं, तरी धुते.

तुम्ही शेजारीपाजारी सांगता की मुलगी सायकलच्या कंपनीत मोठी इंजिनिअर आहे. माझं काम नक्की काय, हे तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मी मोडलेल्या सायकली बघते. लांबट हॉल आहे, एका भिंतीला हुकांवर फ्रेम टांगलेल्या असतात, मधोमध पांढऱ्या पत्र्याचं टेबल आणि त्यावर खालीवर करता येणारा दिवा. डोंगरात चालवायच्या सायकली जास्त येतात. कुणाचं हँडल पडताना गर्रकन फिरून वरच्या नळीवर आदळलेलं असतं, तिथे ब्रेकच्या दांडीचा ठसा उमटतो. कुणाच्या खालच्या नळीला चाकानं उडवलेले दगड लागलेले असतात. कुणी दुरुस्तीच्या स्टँडमध्ये सायकल सीटच्या दांड्याला धरायची सोडून नळीलाच धरून करकचून आवळलेली असते, मग नळी दोन्ही बाजूंनी सारखी चेपते. पोचा बघून तो कसा पडला हे मी सांगू शकते. लोकांना ते आवडत नाही. 'आपोआप आला' हे त्यांचं लाडकं उत्तर. एका गृहस्थांनी मला गंभीरपणे सांगितलं होतं की थंडीनं आला.

त्यांना मी जे सांगते तेच मागच्या खेपेला घरी आले तेव्हा तुम्हालाही सांगितलं होतं. फाटलेली ट्यूब उभी चिरून खालच्या नळीला गुंडाळायची. हँडल जिथे आपटतं तिथे रबराचा तुकडा चिकटवायचा. गाडीत सायकली भरताना एकीचं पेडल दुसरीच्या नळीला भिडणार नाही असं बघायचं, मध्ये दुमडलेलं पोतं घालायचं. वरच्या नळीवर बूड टेकून गप्पा मारायच्या नाहीत. तुम्ही हसलात आणि म्हणालात, 'लोक एवढं सांभाळायला लागले तर आमच्यासारख्यांनी उपाशी मरायचं का?' मीही हसले होते. तुमच्या मागे दोरीवर सायकलच्या फ्रेम वाळत होत्या. गाड्यांची डेंटिंग-पेंटिंगची कामं कमी झाली म्हणून चष्मेवाले काका जुन्या सायकली विकतात त्या रंगवून देतो, असं तुम्ही म्हणालात. मला वाटलं, रंगवता. मोटारीच्या दारांवर जन्म काढलेल्या माणसानं सायकली रंगवाव्यात, यात काही गैर दिसलं नाही.

आता हिरव्या फ्रेमबद्दल. ती शाळेनं पाठवली. शाळेतल्या खेळाच्या बाई सुट्टीच्या दिवशी मुलींना सायकलवरून टेकडीवर न्यायच्या. त्यांनी स्वतः आरडाओरडा करून, पालकांच्या पाया पडून उभा केलेला गट. टेकडी उतरताना बाईंच्या सायकलची खालची नळी हँडलखालच्या जोडापासून थोड्या अंतरावर तुटली आणि त्या तोंडावर आपटल्या. गळ्याचं हाड मोडलं, जबडा दोन ठिकाणी मोडला, पुढचे दात गेले. मागून येणाऱ्या मुलींनी ते बघितलं. शाळेनं दुसऱ्याच दिवशी गट बंद केला. मुख्याध्यापकांचं म्हणणं असं, की बाई बेफाम चालवतात, आपटून सायकल मोडली, उद्या मुलींपैकी कुणी असं केलं तर जबाबदार कोण? बाईंच्या दिरांचं म्हणणं, या वयात बाईमाणसाला टेकड्या कशाला हव्यात. सगळ्यात वाईट म्हणजे बाईंचंही म्हणणं तेच होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या त्या पुन्हा पुन्हा तोच उतार मनात उतरत होत्या आणि आपण पुढचा ब्रेक जास्त दाबला असणार, असं ठरवून बसल्या होत्या.

नळी तुटलेली होती, पण ती आपटून तुटलेली नव्हती. हे कळायला इंजिनिअर लागत नाही, दिवा जवळ आणावा लागतो. एका दणक्यात तुटलेला धातू चमकदार आणि खरखरीत दिसतो. इथे तसा भाग थोडासाच होता. बाकीचा काळपट, गुळगुळीत, आणि त्यावर बारीक वळणदार रेघा, तळ्याचं पाणी हळूहळू ओसरताना काठावर राहतात तशा. म्हणजे चीर आधीपासून होती, प्रत्येक उतारावर जराशी पुढे सरकत होती, आणि त्या दिवशी उरलेला धातू थकला. आधी नळी तुटली, मग बाई पडल्या. एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं आणि बरं वाटलं. बाईंवरचा आळ जाणार होता. आता चीर सुरू कुठून झाली ते शोधायचं राहिलं होतं.

ते मी तुमच्या पद्धतीनं शोधलं. तुम्ही गाडीचं दार पूर्ण केलंत की मला बोलवायचात, डोळ्यांवर फडकं बांधायचात आणि म्हणायचात, 'चल मोजपट्टी, पोचा कुठे होता ते सांग बघू.' मी तळहात फिरवायचे. पत्रा गार लागतो आणि पुटी जराशी कोमट, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला वाटायचं मला चढउतार समजतात. तुमच्या कामात चढउतार नसायचेच. हिरव्या नळीवर डोळे मिटून हात फिरवला. गार, गार, गार, आणि तुटल्या जागेच्या अलीकडे कोमट. नाण्यानं टिचकी मारली तर आवाज बसका आला. मग मी रंग खरवडला. खाली गुलाबी पुटी निघाली. ती इतकी पातळ आणि इतक्या लांबवर विरत नेलेली होती की कुठे संपते ते भिंगातूनही नीट दिसेना. बाबा, इतकं देखणं काम मी नोकरीला लागल्यापासून पाहिलेलं नाही. आमच्या कारखान्यातल्या माणसांनाही ते जमणार नाही. मी क्षणभर कौतुकानं बघत राहिले, हे लिहायलाही मला शिसारी येते.

पुटीखाली नळीला भोकं होती. एका ओळीत, मोटारीच्या दाराला पाडता तशी. पोचा आतून ठोकता येत नाही तेव्हा भोकं पाडायची, त्यात स्क्रू फिरवायचा, स्क्रूला धरून पत्रा बाहेर ओढायचा, भोकं पुटीनं भरायची, वरून रंग. दाराचं त्यानं काही बिघडत नाही. दार म्हणजे झाकण, गाडीचं वजन ते उचलत नाही. सायकलची नळी झाकण नाही. ती स्वतःच सगळं वजन उचलते, आणि खालची नळी जोडाजवळ सगळ्यात जास्त. तिला तिथे भोक पाडणं म्हणजे कुठून फाटायचं ते आखून देणं. चीर पहिल्या भोकातून दुसऱ्यात गेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि पुढे तिला कुणी अडवलं नाही. ज्यानं हे केलं त्याला मोटारी कळतात, सायकल कळत नाही, असं मी मनात म्हटलं. मग भोकांभोवतीचे ओरखडे दिसले. पुटी धरावी म्हणून धातू खरबडून घेतात, ते सगळेच करतात. पण हे ओरखडे मोडक्या करवतीच्या पात्याचे होते आणि डावीकडून खाली उजवीकडे ओढलेले, तुमच्यासारख्या डावखुऱ्या माणसाचे. मी खुर्चीत बसले. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, वास येतोय. ती म्हणाली, कसला?

त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला, आठवत असेल. तेव्हा अजून हात रंगाचे नव्हते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की चष्मेवाल्या काकांची एखादी हिरवी सायकल केली होती का. तुमचा आवाज किती खुलला! 'कुठली, ती शेवाळी? अगं तिच्या पोच्यात अख्खा अंगठा बसत होता. पिकअपमध्ये दुसरीचं पेडल घुसलं होतं. आता तूसुद्धा शोधून दाखव!' मी म्हटलं, शोधला. मग सांगितलं की ती तुटली आणि कुणाचं काय झालं. मला वाटलं, आता विचाराल की बाई कशा आहेत. तुम्ही म्हणालात, 'आपटली असेल. चालवणारं माणूस आपली चूक सांगतं का कधी?' आणि नंतर आवाज खाली घेऊन म्हणालात, 'तुझ्याच टेबलावर आली ते बरं झालं.' बाबा, भोकं पाडताना तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मी मान्य केलं होतं. मोटारवाल्याची चूक, हातांची सवय. पण हे शेवटचं वाक्य सवयीतून आलेलं नव्हतं.

त्यानंतर आईचा फोन आला. ती रडली नाही, उलट गोड बोलली, ते जास्त जड गेलं. म्हणाली, 'तू जरा सांभाळून घे ना, तुला कोण विचारणार आहे? बापाचं नाव स्वतःच्या तोंडानं घेणार का तू?' मी म्हटलं, त्या बाईंना सहा आठवडे नळीनं पाणी प्यायचं आहे. ती म्हणाली, 'देव करो आणि बऱ्या होवोत, पण त्यांच्या नळीपायी आपली चूल विझायला नको.' आपल्या घरात कुणाला न दुखवता बोलायची कला पहिल्यापासून आहे. मी ती उचलली नाही, म्हणून तुम्ही मला मोजपट्टी म्हणता.

आमचे साहेब तर आनंदले. भोकं बघून ते टाळी वाजवायचेच बाकी होते. कंपनीचा दोष नाही, बाहेरच्या माणसानं हात लावला, विषय संपला. मी विचारलं, बाहेरचा माणूस कोण, हे कळवायचं की नाही? ते म्हणाले, 'आपल्याला काय करायचंय? आपण बाजूला झालो ना?' मी त्यांना सांगितलं की बाहेरचा माणूस माझा बाप आहे. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि म्हणाले, 'मग तर बोलूच नका.' बघा, माझे साहेब आणि माझी आई एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांचं किती जमलं असतं.

चष्मेवाले काका मला भेटायला इथवर आले. बरोबर फळांची पिशवी. 'तुला कडेवर खेळवलंय मी, पोरी,' इथून सुरुवात. ते दवाखान्यात बाईंनाही भेटून आले होते, आणि ह्याहून चकाचक दुसरी सायकल देतो, असं कबूल करून आले होते. मी विचारलं, तिलाही भोकं आहेत का? ते हसले. तुम्हाला त्यांचं हसणं माहीत आहे, चष्मा आधी काढतात आणि मग हसतात. म्हणाले, 'अगं, गिऱ्हाइकाला पोचा दिसला की ते सायकल घेत नाही, आणि नाही दिसला की खुशीनं नेतं. मी खुशी विकतो.' मी विचारलं, बाकीच्या सायकली कुणाला विकल्या? म्हणाले, 'माल येतो, माल जातो, मी काय कुंडल्या ठेवतो का?' फळं मी परत दिली. त्यांनी ती खाली शिंप्याला देऊन टाकली आणि शिंपी आता मला विचारतो, तुमचे काका परत कधी येणार?

सगळ्यात जास्त किळस मला कशाची आली, ते अजून लिहिलेलं नाही. तो पोचा जोडावर नव्हता, जोडापासून सुटा होता. गोल होता, त्याला कडा नव्हती, आतला धातू फाटलेला नव्हता. तुटलेली नळी मी चिरून आतून बघितली आहे. भोकांच्या मधला पोच्याचा मूळ बाक अजून समजतो. ती फ्रेम पोच्यासकट माझ्याकडे आली असती तर मी पोच्याभोवती पेन्सिलनं गोल काढून दिला असता आणि सांगितलं असतं, वापरा, महिन्यातून एकदा नख फिरवून बघा, रेघ लागली की थांबा. बहुधा कितीतरी वर्षं चालली असती. थोडी कुरूप दिसली असती, आणि काका म्हणतात तशी कुणी खुशीनं नेली नसती, एवढंच. जिथे काही करायची गरज नव्हती तिथे तुम्ही तुमचं सगळ्यात चांगलं काम केलंत. पोचा जोडावर असता, कडा मुडपलेली असती, तर फ्रेम टाकून द्यायची असते. मधला काही मार्ग नाही. ॲल्युमिनियमच्या नळीला ओढायचं नसतं, तापवायचं नसतं, भोक तर पाडायचंच नसतं. हे तुम्ही मला एका फोनवर विचारू शकला असतात. तुमची मुलगी दिवसभर हेच करते. पण तुम्ही मला विचारायचं ते एकच, दिसतोय का.

काल बाई आल्या. जबडा तारेनं बांधलेला, त्यामुळे दात न उघडता बोलतात. शब्द चिरडून येतात, पण येतात. हात गळ्यात. मी नळीवरचं फडकं काढलं आणि सगळं दाखवलं, भोकं, रेघा, काळपट भाग, चमकदार भाग. त्यांनी करंगळीचं टोक एका भोकावर ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग विचारलं, 'म्हणजे ब्रेक मी चुकीचा नाही दाबला?' मी म्हटलं, ब्रेक कसाही दाबला असता तरी ती तुटलीच असती, त्या दिवशी नाही तर पुढच्या. त्यांना हसायचं होतं की रडायचं, मला समजलं नाही, त्या तारेत दोन्ही सारखंच दिसतं. हे त्यांना लेखी दिलं आहे. मुख्याध्यापकांना त्या ते आज दाखवणार. मग त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी.

मला वाटलं होतं की त्या उठून जातील, किंवा निदान काहीतरी बोचरं बोलतील. मी तयार होते. त्या म्हणाल्या, 'मग बरं झालं, पत्ता शोधायला नको. त्यांना विचारा, अशा आणखी कुठे कुठे आहेत. माझ्या गटातल्या दोन मुलींच्या सायकली त्याच चष्मेवाल्याकडच्या आहेत.' बाबा, जबडा मोडलेल्या बाईंना जो प्रश्न पहिल्यांदा सुचला तो तुम्हाला अजून सुचलेला नाही. गट बंद झाला तरी मुली थांबलेल्या नाहीत, आपल्या आपण टेकडीवर जातात. एकीची सायकल आज सकाळी माझ्या टेबलावर आली. ती स्वच्छ आहे, तिला नुसता रंग आहे. दुसरीचा बाप सायकल द्यायला तयार नाही. बाई स्वतः त्याच्या दारात जाऊन आल्या. तो म्हणाला, 'मी उजेडात बघून घेतली आहे, एक पोचा नाही. तुम्ही पडलात म्हणून आमच्या पोरीला कशाला घाबरवता?' मी फोन केला तर म्हणाला, कंपनीला नवी सायकल खपवायची आहे. कुठेच पोचा नाही, हे तो इतक्या अभिमानानं सांगतो की ऐकताना मला तुमचा आवाज ऐकू येतो.

तेव्हा हे पत्र तुम्हाला नावं ठेवायला लिहिलेलं नाही, ते काम मी वर करून टाकलं. क्षमा मागा असंही सांगणार नाही. ती मी द्यायची नाहीच, बाई देतील किंवा देणार नाहीत. ती दुसरी सायकल फिकट निळी आहे, खालच्या नळीवर चांदीचा तिरका पट्टा, सीटखाली पांढरं. तुम्हाला माणसं आठवत नाहीत, पण एकदा हातानं मिसळलेला रंग तुम्ही विसरत नाही. हे वाचता वाचताच तुम्हाला कळलं असेल, ती तुमची आहे की नाही, आणि त्या पट्ट्याखाली काय आहे. मुलीचा बाप माझं ऐकत नाही आणि बाईंचंही ऐकत नाही. ज्यानं भोकं पाडली त्यानं सांगितलं तर ऐकेल. पाकिटाच्या मागे त्याचा नंबर लिहिला आहे. उद्या शाळेला सुट्टी आहे आणि मुलगी सकाळीच निघते. हात रंगाचे असले तर फडक्याला पुसा आणि आत्ता फोन करा. बाकीचे रंग आठवून ठेवा, मी आणि बाई शनिवारी येतो. आईला सांगा, बाईंना पातळ काहीतरी लागेल.

हे सगळं लिहूनही, तुमचीच,
लेक